मधलं एक चित्र

तपासणी केंद्रात तिला सगळे थांबाताई म्हणत, आणि तेही तोंडावर. एक्स-रे काढणारा तर दारातूनच ओरडायचा, "थांबाताई, आले बघा फोटो!" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "थांबा." की पुन्हा हशा. रोजचा तोच विनोद आणि रोजचे तेच हसणारे. तिला त्याचा राग यायचा नाही. कुणी हाक तरी मारतंय, एवढ्यावर ती खूश असायची.

तिचं काम म्हटलं तर सोपं, म्हटलं तर डोकं खाणारं. मशीनमधून निघालेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलला मशीन आपल्या मनाने काहीतरी नाव ठोकून द्यायचं. नुसते आकडे आणि अक्षरं, ना शेंडा ना बुडखा. त्या फाइलला पेशंटचा नंबर आणि तारीख लावून धड नाव द्यायचं, ही हिची नोकरी. काळ्या पडद्यासमोर बसून, माउसबिउसचे लाड न करता, ती टकाटक टाइप करायची. युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या मशीनवर नाव बदलायचा हुकूम म्हणजे एमव्ही. एमव्ही लिहायचं, मग जुनं नाव, मग नवं नाव, एंटर, संपलं. पण हा एमव्ही म्हणजे भलताच मुका नोकर बरं का! नव्या नावाची फाइल तिथे आधीपासून असली, तर "अहो बाई, इथे कुणीतरी आहे" असं तो चुकूनसुद्धा म्हणत नाही. आधीची पुसतो, नवी तिच्या जागी ठेवतो आणि गप्प बसतो.

नोकरीच्या सुरुवातीला तिनेही हा चटका खाल्ला होता. दोन पेशंटचे नंबर जवळजवळचे, तिच्या बोटाची एक चूक, आणि एका म्हाताऱ्याच्या छातीचा फोटो दुसऱ्याच कुणाच्या बरगड्यांखाली कायमचा गडप झाला. म्हातारा काठी टेकत पुन्हा आला, पुन्हा शर्ट काढून त्या थंडगार पत्र्याला छाती लावून उभा राहिला. जाताना तिच्याकडे बघून हसला तेवढं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं!

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने फुंकायचं काम मशीनलाच लावून दिलं. एमव्हीच्या पुढे डॅश आय लिहिलं की तो मुका नोकर बोलायला लागतो: या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? वाय दाबलं तर लिहितो, एन दाबलं तर हात मागे घेतो. डॅश एन म्हणून आणखी एक तऱ्हा आहे. तिच्यात तो विचारतही नाही, आधीच्या फाइलला हातच लावत नाही. पण हिला विचारणारा बरा वाटला. दर वेळी डॅश आय लिहायचं विसरू नये म्हणून तिने केंद्रातल्या आपल्या मशीनला कायमचं बजावून ठेवलं, की मी नुसतं एमव्ही म्हटलं तरी तू डॅश आय धरून चाल. तेव्हापासून ते बिचारं विचारत आलं आणि ही उत्तरं देत आली. खरं सांगायचं तर अख्ख्या दिवसात तिला "करू का?" म्हणून विचारणारं तेवढं एकच होतं.

घरी कोण विचारणार? तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आई होती तोवर आतल्या खोलीतून काही ना काही कुरकुर ऐकू यायची. आई गेल्यापासून ती खोली झाडायची आणि दार लोटून घ्यायचं. कामाचे दिवस कसेबसे ढकलता येत, पण रविवार तिला खायला उठायचा. सकाळीच सगळी कामं उरकून बसायची आणि मग अजून दुपारसुद्धा झालेली नाही हे बघून स्वतःवरच चिडायची. एकदा तर धुतलेली भांडी तिने पुन्हा काढून धुतली होती.

लग्न झालं नाही, त्याची मोठी गोष्ट नाही. जुळलं नाही, राहून गेलं. गोष्ट वेगळीच होती. मशीनला प्रश्न विचारायला शिकवणारी ही बाई माणसांना मात्र काही विचारायची नाही. दादाचं घर बसने तासाभरावर. वहिनी फोनवर म्हणायची, "वन्सं, या की कधीतरी." आता कधीतरी म्हणजे कधी? "या रविवारी येऊ का?" एवढं विचारायला काय पैसे पडत होते? पण छे! "या रविवारी आम्ही जरा बाहेर जातोय हो," असं आलं तर? त्या नकाराची तिला इतकी धास्ती, की ती "हो हो, येईन" म्हणून फोन ठेवायची आणि घरीच बसायची. केंद्रातली मंडळी सहलीला निघाली, तेव्हाही हिला न्यायचं ठरलं होतं की नव्हतं कुणास ठाऊक. हिने विचारलं नाही, ते विसरले, आणि ही त्या दिवशी पडदे धूत बसली.

आणि अशात एके दिवशी ठकी आली.

ठकी म्हणजे दादाची एकुलती एक लेक. पाळण्यात लाकडी बाहुलीसारखी ताठ झोपायची, म्हणून आत्यानेच हे नाव ठेवलं होतं. आता ती चांगली ताडमाड वाढली होती, केस कापलेले, खांद्यावर भलीमोठी पिशवी. हलती चित्रं करायला शिकत होती. एकेक चित्र हाताने काढायचं, अशी शेकडो काढून एकामागून एक भराभर दाखवायची, की चित्रातलं माणूस चालायला लागतं. दादाला हे मुळीच पसंत नव्हतं. "चित्रं काढून पोट भरतं का कुणाचं?" हे त्याचं पालुपद. शेवटी बापलेकीचं ठरलं, की शेवटच्या वर्षाची फिल्म नीट झाली आणि कुठे काम लागलं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने दादाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. घरात रोजची वादावादी, म्हणून ती पिशवी उचलून आत्याकडे आली होती.

"फिल्म होईपर्यंत राहते गं. चालेल ना?"

"आतली खोली रिकामीच आहे," आत्या म्हणाली. आतून मात्र तिला नाचावंसं वाटत होतं.

मग त्या घराची अगदी दशा झाली हो. खुर्चीवर ओला टॉवेल, खिडकीत रिकामे कप, जमिनीवर वायरींचं जंजाळ. ठकी इलेक्ट्रॉनिक पाटीवर कसल्याशा पेनाने चित्रं काढायची, कागदाचं कामच नाही. काढलं की सरळ लॅपटॉपमध्ये. आत्या टॉवेलवरून बडबडायची, आणि बडबडताना तिचा आवाज इतका आनंदी असायचा की ठकी आणखी एक टॉवेल टाकून ठेवायची. संध्याकाळी आत्या केंद्रातून धावत घरी यायला लागली. "थांबाताई आता थांबत नाहीत," असं एक्स-रेवाला म्हणाला, तेव्हा ती स्वतःसुद्धा हसली.

फिल्म एका पोरीची होती. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी येते, भिंतीवर हात ठेवते, चढते, वर उभी राहते आणि पलीकडे उडी मारते. बस एवढंच. पण ठकीने ते लॅपटॉपवर फिरवून दाखवलं, तेव्हा उडीच्या वेळी आत्याने खरोखर खुर्चीची कड धरली.

"आवडलं?"

"पडली असती म्हणजे?"

ठकी खो खो हसली. मग पाटीवर मान घालून म्हणाली, "आत्या, काम लागलं ना, तर मी इथेच राहीन म्हणते. कायमची. तुला त्रास नाही ना होणार?"

"बघू," एवढंच म्हणून आत्या स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. त्या दिवसापासून तिला एकच आस लागली. फिल्म चांगली व्हायला हवी, ठकीला काम लागायला हवं, ठकी इथे राहायला हवी. तिने आयुष्यात स्वतःसाठी असं काही मागितलंच नव्हतं.

फिल्म द्यायची तारीख जवळ आली. शनिवारी संध्याकाळी ठकी डोकं धरून बसली. "चढताना तिचा पाय घसरतो असं मध्ये एक चित्र हवंय गं. पण ते घातलं की पुढच्या सगळ्या चित्रांचे नंबर एकेकाने पुढे ढकलायचे. वैताग नुसता!"

ते आत्याच्या कानात बसलं. नंबर बदलायचे? अगं वेडे, तुझी आत्या आयुष्यभर दुसरं करते काय?

रविवारी दुपारी ठकी केस कापून घ्यायला बाहेर गेली. लॅपटॉप उघडाच होता. आतून तोही युनिक्सच्याच जातीचा, काळी खिडकी उघडली की तेच हुकूम. पोरगी परत येईल तोवर सगळं करून ठेवू, मग चेहरा बघू कसा होतो ते! आत्या बसली. एकेक नाव हाताने बदलण्यापेक्षा तिने एका ओळीत हुकूम लिहिला, की या नंबरपासून शेवटपर्यंत प्रत्येक फाइलला पुढचा नंबर दे. आणि आनंदाच्या भरात तिने सुरुवात पुढून केली.

इथेच तर घोटाळा आहे. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलीत आणि मध्ये एकाला जागा करायची आहे, तर आधी कडेच्याने सरकायचं, मग त्याच्या शेजारच्याने, असं करत मागून यायचं. पुढून सुरुवात केली तर पहिला थेट दुसऱ्याच्या मांडीत. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही, झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण इतक्या वर्षांत असलं काही चुकलं की मशीन लगेच अडवायचं, लिहू का म्हणून विचारायचं, आणि ही जीभ चावून एन दाबायची. मशीन विचारेल, हे तिच्या बोटांनी गृहीत धरलं होतं. ते बजावून ठेवलेलं मशीन केंद्रात होतं. ठकीच्या लॅपटॉपला कुणीच काही बजावलं नव्हतं.

तिने एंटर दाबलं. काहीच प्रश्न आला नाही. पापणी लवायच्या आत काम संपलं.

"हुशार आहे हो पोरीचं मशीन," ती मनाशी म्हणाली आणि चहाचं आधण ठेवून आली.

मग तिने चित्रांची खिडकी उघडली. सुरुवातीची चित्रं होती. पोरगी येते, भिंतीशी थांबते. पुढे सगळं रिकामं, आणि अगदी शेवटच्या नंबरावर एक चित्र. तिने ते उघडलं. पोरगी भिंतीच्या पायथ्याशी, एक हात वर केलेला. चढणं नाही, वर उभं राहणं नाही, उडी नाही. त्या एका चित्राने पुढच्याला पुसलं, त्याची जागा घेतली, मग त्याच्या पुढच्याला, असं करत करत ते एकटंच शेवटाला जाऊन पोचलं होतं.

तिने खिडकी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. "देवा, असं नको रे करू," ती मोठ्याने म्हणाली. जुनी प्रत आहे का म्हणून ठकीचा पेन ड्राइव्ह लावला. प्रत होती, पण ती इथे यायच्या आधीची. म्हणजे या घरात, या टेबलाशी बसून पोरीने जे जे काढलं होतं, नेमकं तेवढं सगळं गेलं होतं. आणि तिकडे आधण उकळून उकळून आटत होतं.

मनात पाप आलं नाही असं नाही. ठकीला काळ्या खिडकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मशीन बिघडलं म्हटलं असतं तर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला असता, वर आत्याच्याच गळ्यात पडून रडली असती. आणि राहिलीही असती! जिन्यात पावलं वाजली तोवर आत्या त्याच विचारात होती. दार उघडून ठकी आत आली, डोकं हलवून म्हणाली, "कशी दिसते?"

"ठके, मी तुझी चित्रं पुसली," आत्या म्हणाली.

ठकीला आधी ती थट्टाच वाटली. मग तिने लॅपटॉप ओढून घेतला. बराच वेळ नुसती बोटं चालत होती. आत्या उभ्या उभ्या सांगत राहिली, कसं झालं, का झालं, पुढून झालं, त्याने विचारलंच नाही, माझ्या मशीनवर विचारतं गं. सांगता सांगता आपण कुणाला सांगतोय हेही तिला कळेनासं झालं.

"पण नंबर कशाला बदललेस?" ठकी म्हणाली.

"ते पाय घसरण्याचं चित्र घालायचं होतं ना तुला मध्ये."

"नव्हतं घालायचं. ते मी रात्रीच रद्द केलं. उद्या सकाळी फिल्म तशीच द्यायची ठरवली होती." मग तिचा आवाज चढला. "मला विचारायचंस तरी, आत्या! एकदा विचारायचंस! मी काय परगावी गेले होते? खाली कोपऱ्यावर केस कापायला गेले होते मी!"

त्या मशीनने नाही विचारलं म्हणून आत्या मघापासून मशीनला बोल लावत होती. आता तिला दिसलं, की विचारायचं राहिलं होतं ते तिचं स्वतःचं. आणि का राहिलं, तर ठकी कदाचित "राहू दे, तू नको हात लावू" म्हणाली असती म्हणून. एवढ्याशा नकाराला भिऊन बाईने पोरीचं वर्ष मातीत घातलं.

केंद्रातल्या मशीन दुरुस्तीवाल्याला लॅपटॉप दाखवला. त्याने बरीच खटपट केली, चारदोन तुकडे काढून दिले, अर्धी भिंत, नुसता एक बूट. "गेलं ते गेलं, ताई," तो म्हणाला. ठकी कपडे घेऊन दादाकडे परतली. आदळआपट केली नाही, दार हळूच ओढून घेतलं. तारीख हुकली आणि दादाची अट होतीच, ठकी गल्ल्यावर बसायला लागली.

दादाचा फोन आला. "जाऊ दे गं, एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा आत्या थोरल्या भावावर ओरडली. "बरं काय झालं? डोंबल झालं! चांगली होती ती फिल्म, तू पाहिलीस तरी का?" आणि फोन ठेवून ओक्साबोक्शी रडली. ठकीला फोन करायची तिची छाती झाली नाही. आतल्या खोलीचं दार तिने लोटलं नाही, पण आत गेलीही नाही. ठकीचा टेबलावरचा दिवा आणि चित्रांच्या जाड पुस्तकांचं खोकं तिथेच होतं. ते न्यायला तरी ती येईल, या आशेवर तिचे रविवार जायला लागले.

आली. अशीच एका रविवारी दुपारी. केस पुन्हा वाढले होते. आत्याने तिला डोळे भरून बघून घेतलं.

"खोकं न्यायला आले," ठकी म्हणाली. "रात्री दुकान बंद झाल्यावर पुन्हा काढते. भिंत चढून झाली. पुढल्या वर्षी देईन."

"बाबा काही म्हणत नाही?"

"म्हणतो. म्हणू दे."

दोघींनी मिळून दिव्याची वायर गुंडाळली. खोकं दोरीने बांधलं. मग करायला काही उरलं नाही. ठकीने दिवा काखेत मारला, आत्याने खोकं उचललं आणि दारापाशी येऊन ती तशीच उभी राहिली.

"ठके, राहतेस का आज? माझ्याकडे?"

ठकीने खाली बघितलं. "नाही गं आत्या," ती म्हणाली. "अजून राग आहे मला तुझा."

"बरं," आत्या म्हणाली.

खाली टॅक्सी उभी होती. आत्याने खोकं मागच्या सीटवर नीट ठेवलं, दिवा आडवा पडू नये म्हणून त्याच्या बाजूला सरकवला. ठकी बसली, काच खाली करून "येते" म्हणाली, आणि टॅक्सी गेली. आत्या फाटकातच थांबली होती. खुर्चीवर पेंगणारा वॉचमन जागा झाला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "पाहुणी गेली वाटतं?"

"गेली," आत्या म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "मी विचारलं होतं हो तिला, राहतेस का म्हणून. नाही म्हणाली."